उणे तीस

जुनं आउटडोर खाली सोडताना
दोरी बसूच्या हातात, वजन माझ्या दंडावर,
आणि बरोबर खाली, बोळात, एक म्हैस.
बसू तिला कानडीत हाकलतो, मी मराठीत.
ती दोन्हींत हलत नाही.

खासबागेतलं घर, दुसरा मजला.
ब्रॅकेटचे बोल्ट भिंतीशी असे एकजीव झालेले
की शेवटी ग्राइंडर लावला.
पलीकडच्या गच्चीवर कुणाचे सांडगे वाळत होते,
ठिणग्या तिकडं जाऊ नयेत म्हणून
बसूनं ओलं पोतं धरलं. एक हात दोरीला, एक पोत्याला.
मारिहाळची पोरं अशीच, सांगावं लागत नाही.

नीलाक्का हंचिनमनी दारात उभी राहून
सगळं बघत होती, कानडीत सांगत होती:
आमच्या लग्नात, मे महिना असून,
मांडवात पाहुण्यांनी शाली पांघरलेल्या.
पंखा? पंखा कुणाकडं होता बेळगावात?
मी म्हटलं, खरं आहे अक्का.
मला काय माहीत. मी जन्मलो तेव्हा
गल्लीत चार पंखे होते, आणि आमच्यात एक,
तोही मागावरच्या सुतासाठी बंद ठेवलेला.

झाकणाचे चार स्क्रू काढले.
आतल्या पत्र्यावर मार्करनं तारीख, गॅसचं वजन,
कानडी आकड्यांत. दोनची शेपटी उगाच लांब.
दस्तगीरमामा.

हात तिथंच थांबला थोडा वेळ.
भोक बाहेरच्या अंगाला बोटभर उतरतं पाड, म्हणायचा,
भिंत आपली नसली तरी पाणी आपलं.
आठ वर्षांपूर्वी या खोलीत
धूळ झेलायला पेपर धरून कोण उभं होतं?
मी असेन. नसेनही.
इतक्या भिंती झाल्या मधे.
भोक मात्र अजून उतरतं आहे, बोटभर.
त्याच्यातूनच नवी नळी घेतली.

पंप लावला. काटा उतरत उतरत उणे तीसवर आला
आणि लाइट गेली.
व्हॉल्व्ह आवळला तो डोळ्यांनी नाही, कानांनी,
पंपाचा आवाज पडायच्या आत.
हेस्कॉमवाल्यांना बसूनं जे म्हटलं
ते कुठल्याही भाषेत लिहिण्यासारखं नाही.

मग तिघं बसून राहिलो.
नीलाक्कानं ताक आणलं, आलं जरा जास्त.
इन्ना एष्ट होत्तप्पा?
लाइट यीस्तोवर की अक्का.
बसू गेजकडं टक लावून:
नळीत आता काय आहे ओ?
काही नाही.
मग राखण कशाची करायलोय आपण?
त्याचीच.

खरं तर हेच काम. बाकी सगळं पान्याचं.
नळी रिकामी करता येते कुणालाही.
ती रिकामी राहते का, ते बघत बसायचं.
काटा केसभर जरी वर आला
तरी कुठंतरी सांधा खोटा आहे.
बाबा मागावर तुटलेली तार सांधून
बोटावर जरा ओढून बघायचे, न बोलता,
तसं.

पाऊण तास. काटा हलला नाही.

लाइट आली. गॅस सोडला.
आतलं मशिन जुनं, बाहेरचं नवं,
दोघांनी चौथ्या तारेवरून बोलायचं असतं,
नाही जमलं तर हिरवा दिवा मिचकावत राहतो.
दिवा तीनदा मिचकावला.
बसूनं श्वास धरला, मीही.
मग स्थिर.

झाकण लावण्याआधी मार्कर काढला.
तारीख, वजन, माझ्या आकड्यांत.
लिहून झाल्यावर दिसलं,
दोनची शेपटी लांब आली आहे.
पुसली नाही.

नीलाक्कानं वाऱ्यापुढं तळहात धरला.
बंतु, म्हणाली. तण्णग बंतु.
पलंगावरून मास्तर काहीतरी पुटपुटले,
वर्षभर त्यांचे शब्द तिलाच कळतात.
ती हसली, कपाटाकडं गेली,
आणि साड्यांच्या तळातून
शाल ओढू लागली.