कडेनंतरच्या सहा फ्रेम

मुलाखतीत त्यांनी विचारलं,
सात वर्षं व्हिडिओ गेम बनवलेत,
मग आमच्या सिग्नल खात्यात येऊन करणार काय?
टे नदीवरून आलेला वारा खिडकी हलवत होता;
डंडीत तो सगळ्याच मुलाखतींना हजर असतो.

मी म्हटलं, मी उड्या बनवायचे.

तिघांपैकी दोघं हसले.
तिसरी, ऐल्सा मकफी,
पेनाचं टोपण काढून थांबली.
म्हणून पुढचं तिलाच सांगितलं:

कोल्ह्याचं पिल्लू धावत कड्याच्या टोकाशी येतं.
खेळणारा बटण दाबतो, पण जरा उशिरा.
पाय सुटलेले असतात, खाली नुसती दरी.
आम्ही त्याला लगेच पडू देत नाही.
सहा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग,
हवेलाच जमीन धरायचं
आणि उडी मंजूर करून टाकायची.
त्याला वाटतं, काय झेप घेतली मी!
कळलं तर सगळं बिघडलं.

हे शिकले कुठे, ते नाही सांगितलं.
इचलकरंजीत, सूतगिरणीच्या कॉलनीत,
लगोरीत शेजारचा बिट्ट्या लिंबूटिंबू असायचा.
चेंडू पाठीत बसला तरी बाद नाही,
आणि हे त्याच्या कानावर जाऊ न देणं
ही बाकीच्या अकराजणांची जबाबदारी.
दिवेलागणीला तो आईला सांगायचा,
आज मला कोणी बाद करू शकलं नाही!

स्टुडिओ एका मंगळवारी बंद झाला.
माझी खुर्ची तीस पौंडांना गेली, म्हणे.

आता हिलटाउनच्या चढावर उभी असते,
हातात स्टॉपवॉच, नाक लाल,
डोक्यावरून सीगल शिव्या घालत जातात.
नियमाच्या पुस्तकात माणूस
सेकंदाला एक पूर्णांक दोन मीटर चालतो.
त्या माणसाला गुडघे नाहीत,
बटाट्यांची पिशवी नाही, फेब्रुवारी नाही.
आमच्याकडे म्हणायचे, एकाच जागी दहाजण पडले
तर खेळणारे नाही, लेव्हल चुकली.
मी तीन आठवडे मोजत राहिले
कोण अर्ध्यात धावायला लागतं,
कोण फुटपाथवरून पाय मागे घेतं,
कोण हात दाखवून गाड्यांची माफी मागतं.

चार सेकंद मागितले. अडीच मिळाले.
त्यासाठी चार बैठका,
आणि गाड्यांची रांग बेकरीपर्यंत जाते म्हणून
एका गृहस्थांची दर सोमवारी तक्रार.
तक्रार खरी आहे. मी फाइल करून ठेवते.

परवा जीन गेडीज भेटल्या,
ब्याऐंशी वर्षं, चाकांची चौकड्यांची पिशवी.
रस्त्याच्या मधोमध थांबून त्यांनी
कुणाच्या तरी कुत्र्याची विचारपूस केली,
मग सावकाश या बाजूला आल्या.
हिरवा माणूस अजून तसाच उभा.

धाप लागलेली, तरी डोळ्यांत चमक.
म्हणाल्या, बघितलंस ना पोरी?
डॉक्टर काही म्हणोत,
पाय सुधारतायत माझे.

मी घड्याळ खिशात सरकवलं.
म्हटलं, हो ना. दिसतंच आहे.