टवका

बाहेर शेचाळीस.
अल खोरच्या रस्त्यावर डांबर चपलेला धरून ठेवतं.
आत, स्टीलच्या दोन भिंतींपलीकडे, साडेचार.
केल्व्हिनमध्ये. म्हणजे किती, ते आईला
फोनवर सांगून बघितलं एकदा.
ती म्हणाली, स्वेटर घालत जा.

हेलियम इथलाच, रास लफानचा,
समुद्राखालच्या वायूतून वेगळा काढलेला.
मी पिंप ढकलत आणतो, नळी जोडतो,
नायोबियमची फिल्म बसवतो चिमट्याने:
रुंदीला नखाएवढी,
जाडीला इतकी की पातळ हा शब्दही तिच्यापुढे जाडा.

मग डॉक्टर इद्रीस क्षेत्र वाढवतात, हळू,
झोपलेल्या मुलावर चादर ओढावी तसं.
चुंबकत्व आत शिरू बघतं. फिल्म अडवते.
पडद्यावर कडेकडेने उजेड चढतो
भिंतीत ओल चढते तसा,
आणि एकदम
फांद्या.
पापणी लवायचा अवकाश म्हणावं तर
तो अवकाश इथे फार लांबचा.

याला हिमस्खलन म्हणतात, इद्रीस सांगतात.
ते ओमदुर्मानचे, मी पोलादपूरकडचा.
बर्फ दोघांनीही फ्रीजमध्येच पाहिलेला.
मी म्हटलं, आमच्याकडे दरड.
पाणी मुरतं, माती सैल होते,
सैल झाली की आणखी मुरतं,
आणि मग थांब म्हणायला कुणी उरत नाही.
हेच, ते म्हणाले. पाण्याच्या जागी उष्णता धर.

नऊच्या वर नेलं की सगळं पुसलं जातं.
पुन्हा गार, पुन्हा तेवढंच क्षेत्र,
झाड मात्र दुसरं. तिसरं. एकोणिसावं.
इद्रीस वहीत लिहितात: भाकीत अशक्य.

फांद्यांपुरतं खरं आहे ते.
पण बुंधा एकोणीसही वेळा डाव्या कडेला,
एकाच जागी.
तिथे मार्चमधल्या एका गुरुवारी
माझा चिमटा निसटला होता.
टवका भिंगाखाली दिसतो,
तोही कुठे बघायचं ते माहीत असेल तर.

आज चहाचे पेले विसळताना
त्यांनी सहज विचारलं,
दरड कुठून सुटणार, हे गावात
कुणालाच आधी कळत नाही?

कळतं की, मी म्हटलं.
ज्याची कुदळ तिथे लागलेली असते, त्याला.

त्यांनी नळ बंद केला.