बद्द

भट्टी काल संध्याकाळीच पेटवली.
इथे घाई चालत नाही. शंभर वर्षांचं लोखंड
एकदम तापवलं तर रुसतं, सांध्यासांध्यातून गळतं.
आधी भूर्जाची साल, चार ढलप्या,
तासाभराने एक ओंडका,
आणि मग नुसतं बसून राहायचं
घरात बाळंतीण निजल्यासारखं.

जूनमध्ये साइमा सरोवरावर रात्र होतच नाही.
पाणी कल्हई केल्यासारखं.
धक्क्याला 'सुवितूली', दोर सैल, धूर सरळ.

मी हिल्क्का. एकेचाळीस वर्षं
या गावाचे दात खरवडले,
आता बॉयलरच्या नळ्या खरवडते.
कीटण तेच. फक्त हे तोंड
दुखतंय म्हणत नाही,
एके दिवशी फुटतं.

एप्रिलात निरीक्षक आला होता. कोवळा पोरगा,
छोटा हातोडा घेऊन
एकेक रिव्हेट वाजवत गेला,
बाजारात मडकं पारखावं तसा.
खण. खण. खण. खण.
तीनशे बाराव्याला
बद्द.

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायचं टाळत उभे:
बस चालवणारा टाउनो, शाळेतली स्वयंपाकीण आइली,
आणि खजिनदार, ज्याच्या वहीत त्या दिवशी
एकशे चार युरो होते.
त्या एका रिव्हेटने सात शनिवार खाल्ले.

परवा एका पोराने विचारलं,
हिच्यात मूळचं काय उरलंय?
आइली म्हणाली, भोंगा.
टाउनो म्हणाला, तळाचे चार पत्रे.
मी म्हटलं, जिन्यावरची ती तुळई.
तिने माझ्या आजोबांचंही कपाळ फोडलं होतं.
पोरगं हसत वळलं
आणि तुळईने आपलं काम केलं.

ओन्नी काही बोलला नाही.
त्याचे कान इंजिनाने केव्हाच नेले.
तो तळव्याने ऐकतो.
बेअरिंगवर हात ठेवतो नि सांगतो,
तेल. किंवा, थांब.
किंवा काहीच नाही,
म्हणजे ठीक.

आज पहाटे दाब सहावर आला.
काटा थरथरला, पितळेला घाम फुटला.
इंजिन दोन-चारदा फिरवून पाहिलं.
ओन्नीने हात ठेवला. बराच वेळ ठेवला.
मग माझं मनगट धरून
माझा तळवा तिथे टेकवला
आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला,
अक्षर न येणारा माणूस
त्याचं पत्र वाचणाऱ्याकडे बघतो तसा.

कोमट होतं.
मी मान हलवली, ठीक.
मग, खात्री नव्हती म्हणून,
तेलाचे दोन थेंब सोडले.

त्याने ते पाहिलं.
वर गेला, तुळईखाली न चुकता वाकून,
आणि भोंग्याच्या दोरीला
आज कुणालाच हात लावू दिला नाही.