पुलावर, रविवारी

तारांना निळे दिवे लागले
तसे सगळ्यांचे मोबाइल वर गेले.
फुलवंता आत्या मात्र कठड्यावरून
खालीच वाकून बघत राहिली.
काही पडलं का बाई? पोहेवाल्यानं विचारलं.

"तो चवथा खांब," ती मला म्हणाली,
"माह्या डांगरवाडीत उभा आहे.
थ्या तिथं खोपडी होती. रात्री कोल्हे येत.
तुह्या मामानं डबा वाजवला का पळत."

खाली वैनगंगा,
धरणाच्या पाण्यानं बाराही महिने फुगलेली.
वाळू कुठंच नव्हती.

चल, फोटो काढू, मी म्हटलं.
तिनं पदर सारखा केला, उभी राहिली,
आणि मी बटण दाबणार
तर वळून
बोटाच्या पेरानं
सिमेंटवर दोनदा टकटक केली,
कान लावला.

"कच्चंच आहे गा अजून."