नऊ पौंड पंच्याण्णव

ग्रिम्झबीच्या त्या दुकानात मागच्या भिंतीशी
कॅसेटांचा रॅक होता.
मी एका वेष्टनावरचा ड्रॅगन पाहिला
आणि बाकीचं दुकान दिसेनासं झालं.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ती दुसरी घे, बरी आहे.
मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आईने पर्स उघडली. पर्सलाही मासळीचा वास.
वरणगावची बाई, जन्मात मासा न खाल्लेली,
फिश फिंगरच्या पट्ट्यापाशी आठ-आठ तास उभी,
बिल्ल्यावर इंदुमतीचं इंडी झालेलं.
दोन शनिवारचा ओव्हरटाइम
तिने घडी उलगडून काउंटरवर ठेवला
आणि परत आलेलं पाच पेन्सचं नाणं
माझ्या तळव्यावर दाबलं.
हेही तुझंच.

घरी बाबांनी टीव्हीला वायर जोडली.
कॅसेट अकरा मिनिटं किंचाळत राहिली.
आम्ही तिघं सोफ्यावर,
तिसरी घंटा व्हायची असल्यासारखे गप्प.
मग काळा पडदा,
आणि तळाशी सात-आठ ठोकळ्यांचा एक माणूस.
तो चालला. खड्ड्यात पडला.
पुन्हा चालला. त्याच खड्ड्यात पडला.

ड्रॅगन कधी येतो गं?
पुढच्या लेव्हलला, बाबा.
छान आहे ना?
मस्त आहे.

आईला माझा चेहरा वाचता यायचा.
म्हणाली, नसेल आवडली तर बदलून आणू,
पावती आहे माझ्याकडे.

आणि मला बूट आठवले.
मागच्या हिवाळ्यात परत करायला नेलेले.
तिथली पोरगी तीनदा ‘पार्डन?’ म्हणाली होती,
तिसऱ्यांदा आईकडे नाही, माझ्याकडे बघून.
मी आईचंच वाक्य पुन्हा म्हटलं,
एक शब्द न बदलता,
आणि ते तिला लगेच कळलं.

त्या रात्री पर्समधून पावती काढली,
घड्या घालत घालत नखाएवढी केली.
संडासाची साखळी दोनदा ओढावी लागली.

आईने ती दोन दिवस शोधली.
कोटाच्या अस्तरात, पिठाच्या डब्याखाली.
मग स्वतःशीच म्हणाली,
माझंच मेलीचं लक्ष नसतं.

मी शेजारीच बसले होते,
त्या माणसाला खड्ड्यात पाडत.

बाबा हॉस्पिटलच्या लॅबमधून रात्रपाळी करून येत
आणि झोपायच्या आधी अर्धा तास खेळत,
माझ्यासाठी वाट शोधायला.
आलेखाच्या कागदावर नकाशा काढत,
खड्डे लाल पेनने, शिड्या निळ्या.
एकेचाळीस खड्डे झाले तेव्हा
वर्गातला डॅरन म्हणाला, ती गेम संपतच नाही,
शेवटचं दार उघडत नाही, बनवणाऱ्यांचीच चूक आहे,
मासिकात आलंय.
बाबांना सांगायला घरी धावत आले.
ते पेन्सिलीला टोक करत होते.
नाही सांगितलं.

आता बाबा नाहीत.
आई ब्याऐंशीची, त्याच घरात.
त्या हिवाळ्यापासूनची प्रत्येक पावती
टॉफीच्या एका पत्र्याच्या डब्यात:
पाव, बल्ब, बसची तिकिटं, माझ्या लग्नाचा केक.
बऱ्याचशा कोऱ्या पडल्यात, शाई उडून.
तळाशी नकाशा.
त्यातला लाल रंग अजून तसाच आहे,
आणि एकेचाळीसच्या पुढे एक बाण,
बाबांच्या तिरप्या अक्षरात: ड्रॅगन?

आई, तुला एक सांगायचं होतं,
असं मी आजवर तीनदा तरी म्हटलं आहे.
पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली.
दुसऱ्यांदा फोन आला.
तिसऱ्यांदा तर काहीच झालं नाही,
ती बोल म्हणाली, ऐकायचं यंत्र कानात नीट बसवलं,
आणि मी विचारलं, चहा टाकू का?

चहा पिताना ती डब्याचं झाकण घट्ट लावते.
यातलं काही टाकू नकोस गं, म्हणते.
कधी काय लागेल.