सगळे बोल्ट ढिले

देवास नाक्यामागे, वजनकाट्याला लागून
हातिमभाईंचं गॅरेज. पाटी नाही.
बेडफर्ड आत, तोंड रस्त्याकडे,
आणि तिचं इंजिन साखळीला,
चार फूट अधांतरी,
काळं तेल गाळत परातीत.

ही मी भंगाराच्या भावात घेतली
खंडव्याच्या एका जिनिंगवाल्याकडून,
वीज मंडळातून सुटलो त्याच वर्षी.
वसुधा म्हणाली, लोक गाय घेतात, फार तर प्लॉट.
मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

जुनी फाउंडेशन रबरं निघाली ती दगड होऊन.
नखानं दाबली तर नखच वाकलं.
दोन लोखंडांच्या मध्ये राहायचं,
एक थरथरणारं, एक नाही,
आणि ह्याचं त्याला कळू द्यायचं नाही.
एवढंच काम, पण साठ वर्षं.
एका भेगेत सरकीचं टरफल होतं.
ते मी का कोण जाणे खिशात ठेवलं.

नवी मिळत नाहीत. सियागंजात तिघे दुकानदार हसले,
चौथ्यानं चहा पाजला आणि मग हसला.
शेवटी पोलोग्राउंडमागच्या रोकड्यांनी
साच्यात दाबून काढून दिली,
कोमट, पाव विकत घ्यावेत तशी.
घरापर्यंत स्कूटरला रबराचा वास.

हातिमभाईंना ऐकू येत नाही.
कॉम्प्रेसरची टाकी फुटली त्या दुपारपासून.
बोलले की फार मोठ्यानं बोलतात,
म्हणून फार बोलत नाहीत.
बोट खाली केलं: सोड.
बनेसिंगनं साखळी सोडली, कडी कडी करत.
मी पहार लावून इंजिनाचं पोट ढकललं.
पुढचं भोक जुळलं.
मागचं उजवं जुळलं.
मागचं डावं, अर्धा चंद्र.

सुंबा घातला, हातोडीचा एक ठोका, दुसरा,
चंद्र पुरा झाला.
पण पंख्याचं पातं रेडिएटरपासून
वर दोन बोटं, खाली जेमतेम एक.
नाक वर करून बसलं होतं इंजिन,
मागून उचलायला हवं.
तिच्याच जुन्या नंबरप्लेटमधून
हातिमभाईंनी दोन चौकोन कापले.
एका रबराखाली सात गेला,
दुसऱ्याखाली अर्धा तीन.

मी पाना लावला.
मनगटावर चापट बसली.
"अब्भी नहीं!"
वजनकाट्यावरचा ट्रकवालासुद्धा वळून बघू लागला.
सगळे बोल्ट ढिले. चिमटीत फिरतील इतके.
आणि तसंच चालू करायचं.
तीस वर्षं मी खांबावरचे नट आवळून घेतले लोकांकडून,
अर्धवट काही ठेवायचं नाही म्हणून मेमो दिले.
किल्ली फिरवताना हात घामेजला.

तीनदा खोकली, चौथ्यांदा धरली.
म्हैस बसण्याआधी जागा तुडवते
तसं इंजिन डावीकडे कललं, उजवीकडे,
पुन्हा थोडं डावीकडे.
हातिमभाईंनी स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं,
मूठ दातांत धरली,
डोळे मिटले.

सात मिनिटं. मी घड्याळ पाहिलं.
दातांतून त्यांच्या आत काय जात होतं
ते मला सांगता येणार नाही.
बनेसिंग एकदा हसला, मग त्यानंही डोळे मिटले.
पंखा फिरत होता, गॅरेजभर
जुनी धूळ जागा बदलत होती.

मग त्यांनी मूठ दातांतून काढली,
शर्टाला पुसली
आणि हळूच म्हणाले, खरंच हळू,
"बैठा."

आधी पुढचा, मग मागचे, थोडा हा थोडा तो.
शेवटची अर्धी फेरी मी मारली.

रात्री जेवताना वसुधानं विचारलं, झालं ना एकदाचं?
म्हटलं, आठ दिवसांनी पुन्हा आवळायचे आहेत.
का?
रबर दबतं.
तिनं वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली,
थोडी, मग आणखी थोडी.