वाफेची सवत

पुण्याहून आलेला मुलगा टाय सैल करून बसलाय.
बाहेर बेचाळीस, आत पंखा नुसता फिरतोय.
गुळगुळीत कागदावर तीन यंत्रं :
एक उभं, एक आडवं, आणि एक
ज्याची किंमत डॉक्टर हत्तुरेंनी
अंगठ्याखाली झाकलीय.

'सिस्टर, तुम्ही सांगा. वापरणार तुम्ही.'
एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदाच ऐकलं,
आणि नेमकं तेव्हाच काही सुचेना.

मग विचारलं, पाणी कुठलं चालेल?
आमच्या पेठेत नळ येतो चौथ्या दिवशी,
मधल्या दिवसांत बोअर,
पातेल्याच्या बुडाशी चुना सोडणारी.
जुन्याच्या कॉइलवर तोच थर चढतो,
मल्लेशम दर अमावास्येला खरवडतो,
लक्षात राहावं म्हणून अमावास्या.

मल्लेशम येमूल.
आधी अक्कलकोट रोडला, रंगाच्या कारखान्यात, बॉयलरवर.
चादरीतला लाल त्याच्या वाफेवर पक्का व्हायचा.
कारखाना बंद पडला, तो आमच्याकडे आला,
म्हणाला, 'वाफ तीच की वो सिस्टर.
तिथं बसवत होतो, इथं काढायचं.'
काय काढायचं, ते मी त्याला
कधीच दाखवू शकले नाही.

त्यानंच मला शिकवलं :
हवा म्हणजे वाफेची सवत.
दोघी एका घरात नांदत नाहीत.
गाऊनच्या घडीत, ड्रमच्या तळाशी,
दुर्बिणीच्या बारीक नळीत ती दडी मारते;
बाहेर काटा एकशे एकवीस दाखवतो
आणि ही आत गार.

कस्तुराचा टाका पाचव्या दिवशी उघडला.
विडी कामगार, दुसरं सीझर.
टेपवरच्या रेघा काळ्या आल्या होत्या,
रजिस्टरात वेळ बरोबर, दाब बरोबर,
सही माझी.
कशानं झालं ते कळलं नाही. कुणी बोललंही नाही.
तीन महिने ती सूप मांडीवर न घेता
उशीवर ठेवून विड्या वळत होती, म्हणे.
हे मला तिच्या सासूनं सांगितलं,
भाजीच्या गाडीपाशी, शेपू निवडता निवडता.

'आधी हवा ओढून घेणारं कुठलं?'
मुलानं बोट ठेवलं, अंगठ्याच्या शेजारी.
'तीनदा खेचतं मॅडम, मग वाफ, मग सुकवतं.'
मध्येच लाइट गेली तर?
गॅस्केट सोलापुरात मिळतं का?
बिघडलं तर माणूस येतो, की नुसता फोन?
तो हसला. मग माझ्याकडे बघून
हसायचा थांबला,
आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफीचे हप्ते अजून चालू आहेत.
ते खोटं नव्हतं.

मी कालचं सांगितलं नाही त्यांना.
होटगी रोडच्या दवाखान्यात
चालू यंत्र बघायला गेलो होतो, मी आणि मल्लेशम.
बाहेर काढलेली गाठोडी गार होऊ दिली,
मग त्यानं एक उचलून गालाला लावली,
चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक लावतं तशी.
'कोरडी,' म्हणाला.
परतताना रिक्षात दुसरा शब्द नाही.

शेवटी अंगठा सरकला.
तिसऱ्याच जातीचं, पण लहान पोटाचं :
दोनाच्या जागी चार खेपा,
म्हणजे पहाटे पाचला कुणीतरी यायचं.
कुणीतरी म्हणजे कोण, ते दारातच उभं होतं,
खांद्यावरच्या टॉवेलनं मान पुसत.

दर सोमवारी एक जांभळी कुपी आत जाईल,
बाहेर येऊन दोन दिवस ऊबेत राहील.
जांभळीच राहिली तर ठीक.
पिवळी पडली तर आत कुणीतरी जगलंय.
हे मी मुलाकडून तीनदा वदवून घेतलं.

तो गेल्यावर मल्लेशमनं विचारलं, जुन्याचं काय?
भंगारवाला तीन हजार म्हणतोय.
'द्या की. वरची शिट्टी तेवढी काढून ठेवतो.'
काय करणार तिचं?
'काय नाही वो,' म्हणाला,
'ऱ्हाऊ दे घरात.'